वडिवळ्यात बसून कथा लिहायची तर

कथा लिहायची इच्छा असलेली माणसं आपल्या आसपास पुष्कळ असतात. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेलं असतं, गणपतीत मंडळासाठी नाटिका लिहिलेली असते, जुन्या वहीत चार कविता असतात. कथा मात्र सुरू होत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "सुचत नाही." त्यातून वडिवळ्यासारख्या गावात राहणाऱ्याला वाटतं, इथं लिहिण्यासारखं आहे तरी काय? कामशेतला लोकलमधून उतरायचं, गावचा रस्ता धरायचा. भाताची खाचरं, धरणाचं पाणी, मागं डोंगर. गोष्टी घडतात त्या पुण्या-मुंबईत.

या शंकेला याच मावळ तालुक्यात राहिलेल्या एका लेखकानं आपल्या कामातून उत्तर दिलेलं आहे. गो. नी. दांडेकर (1916–1998) मूळचे विदर्भातल्या परतवाड्याचे. सातवीतच शाळा सोडून ते स्वातंत्र्यचळवळीत गेले, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढं तळेगाव दाभाड्याला स्थायिक झाले. 'पवनाकाठचा धोंडी' ही त्यांची कादंबरी पवनेच्या खोऱ्यातली, आणि 'माचीवरला बुधा' राजमाचीवरची. म्हणजे मावळात न जन्मलेल्या माणसाला मावळात कादंबऱ्या सापडल्या. आपण इथले असून आपल्याला काही दिसत नसेल, तर अडचण गावाची नाही; डोळे सरावल्याची आहे. ती दूर करता येते आणि त्याची एक रीत आहे.

ती रीत दांडेकरांच्या लेखनक्रमातच दिसते: आधी जाणं, राहणं, ऐकणं; मग लिहिणं. 'जैत रे जैत' लिहिण्याआधी ते ठाकर आदिवासींमध्ये वावरले. गड तर ते आयुष्यभर पायी फिरले. ज्याला आपण प्रेरणा म्हणतो, ती त्यांच्याकडं घरबसल्या चालत आली नाही. ना. सी. फडके हे अगदी वेगळ्या वळणाचे लेखक. त्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ लिहिला तो कथा-कादंबरीचं तंत्र अभ्यासून शिकता येतं हे दाखवण्यासाठीच. एक रानात फिरणारा, दुसरा प्राध्यापक. नुसती वाट पाहत बसण्यापेक्षा काहीतरी करावं लागतं, याबाबत दोघांचंही काम एकच सांगतं.

तर सुरुवात वहीपासून करू. साधी खिशात मावणारी वही घ्या. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण फोन उघडला की माणूस भलतीकडं जातो, म्हणून वही बरी. तिच्यात तीनच प्रकारच्या नोंदी करायच्या: कानावर पडलेलं वाक्य, डोळ्यांनी पाहिलेली कृती आणि न जुळणारी गोष्ट. न जुळणारी म्हणजे, लग्नघरात सगळे हसत असताना एकटाच भांडी मोजत बसलेला मुलीचा काका. किंवा विकलेल्या बैलाच्या दाव्याला अजून तेल लावणारा म्हातारा.

जागाही ठरलेल्या आहेत. पिठाची गिरणी, दूध डेअरी, सकाळची लोकल, दवाखान्यातलं बाकडं, इंद्रायणीकाठचा दहावा, तलाठी कार्यालयाचा व्हरांडा. जिथं माणसांना थांबावं लागतं तिथं ती बोलतात. आपण फक्त ऐकायचं. चोरून आवाज रेकॉर्ड करायचा नाही; ते माणुसकीला धरून नाही, आणि त्याची गरजही नसते. घरी येईपर्यंत जे वाक्य लक्षात राहिलं, तेच कामाचं.

इथं पहिली चूक होते. वहीत माणसं लिहितात, "आज एक हृदयस्पर्शी प्रसंग पाहिला." महिन्याभरानं ती नोंद वाचली तर काहीच हाती लागत नाही, कारण त्यात प्रसंगच नसतो, फक्त आपल्याला काय वाटलं ते असतं. हृदयाला काय झालं ते राहू द्या. हातात काय होतं, अंगावर काय होतं, कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, तेवढं लिहा.

दुसरी चूक याहून मोठी. नवा लेखक विषय घेऊन बसतो: "शेतकऱ्याच्या प्रश्नावर कथा लिहायची आहे", "स्त्रियांवरच्या अन्यायावर लिहायचं आहे". कळकळ खरी असते, पण विषयातून भाषण निघतं. कथा एका माणसापासून निघते, आणि त्या माणसाला त्या दिवशी काय हवं होतं यापासून निघते. व्यंकटेश माडगूळकरांचा क्रम पाहा. 'माणदेशी माणसं' ही व्यक्तिचित्रं 1949 साली आली आणि 'बनगरवाडी' ही कादंबरी 1955 साली. व्यक्तिचित्र म्हणजे एका माणसाचं शब्दांत काढलेलं चित्र. त्यात घडामोड नसली तरी चालते. आधी माणसं नीट पाहिली, मग गाव उभं राहिलं. आपणही कथेआधी दोन-तीन व्यक्तिचित्रं लिहावीत, पान-दीड पानाची. हात बसतो.

आता वहीतली एक नोंद घेऊन ती कथेपर्यंत कशी जाते ते टप्प्याटप्प्यानं पाहू. समजा, कामशेत स्टेशनच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्यात. एकीच्या मांडीवर नव्या साडीचा खोका आहे. ती दुसरीला म्हणते, "सही झाली. आता गौरीला बोलावत्यात का बघायचं." लोकल येते, दोघी चढतात. आपल्याकडं एवढंच उरतं: एक वाक्य आणि एक खोका.

मावळात राहणाऱ्याला यातलं अर्धं लगेच कळतं. जमिनीला भाव आले आहेत, प्लॉट पडतायत, बंगले उठतायत. विक्रीच्या वेळी भावांना बहिणीची सही लागते, कारण वडिलोपार्जित जमिनीत तिचाही हिस्सा आहे. महाराष्ट्रानं मुलींना असा समान हक्क 1994 साली दिला, आणि 2005 साली केंद्राच्या कायद्यानं तो देशभर झाला. हिस्सा सोडायचा तर हक्कसोड पत्र करतात. म्हणजे "माझा वाटा मी सोडला" असा नोंदवलेला दस्त. बहीण सही करते, भाऊ साडी-चोळी करतो. हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण माहीत असलेलं म्हणजे कथा नव्हे.

कथा सुरू होते माहीत नसलेल्यापासून. म्हणून पुढची पायरी प्रश्नांची. वहीच्या एका पानावर त्या बाईबद्दल प्रश्न लिहून काढा, उत्तरं न देता. तिनं सही मनापासून केली का? पैशांची तिला गरज नव्हती का? साडी कुणी निवडली, भावानं की भावजयीनं? खोका अजून उघडला का नाही? गौरीला माहेरी जाणं तिला एवढं का महत्त्वाचं आहे? तिच्या सुनेला सहीबद्दल माहीत आहे का? लिहिता लिहिता एका प्रश्नाशी आपण अडखळतो. मला इथं शेवटचा प्रश्न अडवतो. सुनेला न सांगता ती आली असेल, तर सगळंच बदलतं. ज्या प्रश्नाशी आपण अडखळतो, तिथं कथेचं तोंड असतं. सुचणं म्हणतात ते हेच, आणि ते प्रश्न लिहायला बसल्यावर होतं.

प्रश्न काढताना घाई करू नका. भाताचं रोप आवणात दाट टाकतात आणि लावणीला त्यातलं जोमदार तेवढंच उपटून नेतात. वहीतल्या नोंदींचंही तसंच आहे. बऱ्याच नोंदी वहीतच राहणार. त्यानं खट्टू व्हायचं नाही.

मग खऱ्याला हात लावायचा, म्हणजे ते बदलायचं. नवखे लेखक इथं कचरतात. "पण असं घडलंच नव्हतं," म्हणतात. घडलं तसं लिहिलं तर ती बातमी होते, शिवाय गावात वाकडेपणा येतो. मावळातल्या गावांमध्ये कुणाच्या घरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असतं. नुसतं नाव बदलून कुणी फसत नाही. म्हणून नाव, गाव आणि निदान एक मोठी गोष्ट बदला. भाऊ दोन असतील तर एक करा. बाई विधवा असेल तर नवरा जिवंत ठेवा. खऱ्या माणसाची अब्रू राखली जाते आणि आपली कल्पनाही मोकळी होते, कारण आता पुढं काय झालं हे आपल्यालाही माहीत नसतं. माझ्या कथेत मी एकच भाऊ ठेवीन आणि तो वाईट नसेल. दुष्ट भाऊ काढला की वाचकाला आधीच सगळं कळतं.

यानंतर जागा पाहायला जायचं. दांडेकरांची खरी शिकवण इथं आहे, आणि बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात तिथं, एकदा जाऊन बसा. लोकांचे कागद वाचायचे नाहीत, कामात आडवं यायचं नाही. बाहेरच्या बाकावर बसून फक्त पाहायचं. घरी बसून लिहिलं असतं तर आपण "तिनं थरथरत्या हातानं सही केली" असं लिहून मोकळे झालो असतो. तिथं गेल्यावर कळतं की माणसाचा फोटो काढतात आणि अंगठ्याचा ठसा यंत्राच्या काचेवर घेतात. आणि आयुष्यभर चिखलात, विळा धरून राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा अंगठा यंत्राला लवकर उमटत नाही. रेशनच्या दुकानातही हा त्रास रोजचा आहे.

आता बघा, काय हाती आलं. बाई सही द्यायला तयार आहे, भाऊ तयार आहे, कागद तयार आहे, आणि अंगठा उठत नाही. ज्या खाचरात तो झिजला, त्याच खाचराचा हा दस्त. ही गोष्ट टेबलाशी बसून कुणाला सुचली नसती. मात्र सावध राहा: असा तपशील सापडला की त्याचा अर्थ सांगायचा मोह होतो. "तिच्या अंगठ्यावरच्या रेषा त्या मातीनंच पुसल्या होत्या" हे वाक्य लिहावंसं वाटेल. लिहू नका. अंगठा दाखवा, काच दाखवा. वाचक मावळातला असो की मुंबईतला, त्याला कळतं.

पुढचा निर्णय निवेदकाचा. निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. 'बनगरवाडी' एका तरुण मास्तराच्या तोंडून येते, म्हणून ती वाडी आपल्याला नवख्याच्या डोळ्यांनी दिसते. म्हाताऱ्या कारभाऱ्यानं तीच हकीकत सांगितली असती तर पुस्तक वेगळं झालं असतं. आपल्या कथेत चार जण आहेत. सही करणारी बाई (तिला आक्का म्हणू), तिचा भाऊ दत्तू, यंत्रावर बसलेला ऑपरेटर आणि सोबत आलेली दत्तूची कॉलेजातली मुलगी. प्रत्येकाकडून त्याच प्रसंगाच्या दहा-दहा ओळी लिहून पाहा. वेळ वाया जात नाही. कुणाच्या तोंडी वाक्यं आपोआप येतात ते समजतं.

बहुतेक जण आक्काला निवडतील, कारण तिच्याबद्दल कणव वाटते. माझं मत वेगळं आहे. ज्याच्याकडं लपवण्यासारखं काही आहे, त्याच्या बाजूनं सांगा. दत्तूला बहिणीची माया आहे आणि पैशांची गरजही आहे. अंगठा उठेना तेव्हा त्याला चीडही येते आणि त्या चिडीची लाजही वाटते. दोन भावना एकमेकींशी झुंजतात तिथं कथा आपोआप पुढं सरकते. एकदा निवेदक ठरला की मध्येच दुसऱ्याच्या डोक्यात शिरायचं नाही. "दत्तूला वाटलं" लिहून पुढच्याच ओळीत "आक्का मनात म्हणाली" आलं, तर वाचक गोंधळतो. पहिल्या मसुद्यात ही चूक हमखास होते.

आता पहिला परिच्छेद. पुष्कळ कथा इथंच मरतात. हे पाहा: "सह्याद्रीच्या कुशीत, निसर्गरम्य मावळात वसलेल्या एका छोट्याशा गावात शांताबाई नावाची कष्टाळू व प्रेमळ स्त्री राहत होती." यात चूक एकही नाही, पण दिसत काहीच नाही. शिवाय बाई प्रेमळ आहे हे लेखकानंच सांगून टाकलं. वाचकाला करायला काही उरलं नाही. आता हे पाहा:

"ऑपरेटरनं तिसऱ्यांदा काच पुसली. 'आजी, जरा दाबून.' आक्कानं अंगठा पदराला घासला आणि पुन्हा ठेवला. दत्तूनं घड्याळ पाहिलं. दोन वाजत आले होते."

गाव नाही, डोंगर नाही, स्वभाव नाही. तरी तिथं कोण आहे, कशासाठी आहे आणि कुणाला घाई आहे, हे समजतं. कथा शक्य तितकी उशिरा सुरू करावी, म्हणजे अडचण उभी राहिलेली असते तिथून. आधीची हकीकत लागेल तशी, एक-दोन वाक्यांत, मध्ये पेरता येते. निसर्गवर्णन करायला हरकत नाही, पण पात्राला त्या घटकेला जे दिसेल तेवढंच. नोंदणी कार्यालयात उभ्या दत्तूला राजमाची दिसत नाही.

बोलीचा प्रश्न इथंच येतो. दांडेकरांनी 'पडघवली'त कोकण ऐकवलं, 'पूर्णामायची लेकरं'मध्ये वऱ्हाड ऐकवलं. ती बोली त्यांनी कानांनी मिळवली होती. आपल्याला आपली बोली आयती मिळाली आहे, पण लिहिताना आपण तिची लाज बाळगतो किंवा तिचा अतिरेक करतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही पहिल्या कथेला सोयीची वाट. संवादातही प्रत्येक शब्द मोडून लिहायची गरज नसते. "कवा आलीस?", "न्हाई वं", "बोलावत्यात का बघायचं" एवढ्यानं सूर लागतो. बाकी काम वाक्याची लय करते.

मसुदा एकदा सुरू झाला की मागं वळून दुरुस्त करायचं नाही. मसुदा म्हणजे पहिलं कच्चं लेखन. रोज अर्धा तास बसलात आणि पान-अर्धं पान झालं तरी पुरे. आषाढात लावणी चालू असताना संध्याकाळी हात चालणार नाहीत. तेव्हा वहीतल्या नोंदींवर भागवा आणि मसुद्याला उघडिपीचे दिवस द्या. पहिली कथा दीड-दोन हजार शब्दांची असावी. कादंबरीनं सुरुवात करणारे बहुतेक जण तिसऱ्या प्रकरणात थांबतात. अण्णाभाऊ साठ्यांचं शाळेचं शिक्षण जवळजवळ शून्य, तरी 'फकिरा' ही कादंबरी 1959 साली त्यांच्या हातून झाली, म्हणून "आपलं शिक्षण कमी आहे" ही सबब चालत नाही. पण अण्णाभाऊंच्या पाठीशी पोवाड्यांचा, लोकनाट्यांचा, कथांचा केवढा सराव होता, हेही विसरू नये.

शेवटाशी आल्यावर हात जड होतो. अंगठा उठत नाही म्हणून आक्का एक लांब भाषण करते, दत्तू तिचे पाय धरतो, बाहेर पाऊस सुरू होतो, असा शेवट सहज सुचतो. तो खोडून टाका. खऱ्या आयुष्यात शेवटी अंगठा उठतो. काम होतं. मग दत्तू आक्काला स्टेशनवर सोडायला येतो. काय बोलावं ते दोघांना कळत नाही. या दहा मिनिटांत काय घडतं ते लिहा, कथा तिथं आहे. आणि गंमत अशी की ज्या वाक्यापासून आपण निघालो, ते गौरीचं वाक्य कदाचित आता कथेत बसणारच नाही. बसत नसेल तर काढा. बीज होतं, त्याचं काम झालं.

मसुदा आठ दिवस कपाटात ठेवा. मग मोठ्यानं वाचा. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन, म्हणजे श्रोत्यांपुढं भावपूर्ण वाचन, त्यांच्या कन्या वीणा देव, जावई विजय देव आणि पुढची पिढी वर्षानुवर्षं करत आली. ते ज्यांनी ऐकलं त्यांना ठाऊक आहे की नुसत्या आवाजातून किती दिसतं. आपल्या घरात एक श्रोता पुरे. त्याला "कशी वाटली?" असं विचारू नका, माणसं चांगलीच म्हणतात. "कुठं कंटाळा आला?" आणि "दत्तू तुला कसा माणूस वाटला?" असं विचारा. जिथं आपली जीभ अडखळते, जिथं श्रोता पाणी प्यायला उठतो, तिथं पेन्सिलीनं खूण करा. बहुतेक खुणा आपण काहीतरी समजावून सांगितलंय तिथंच येतील. ती वाक्यं काढली की कथा सुटसुटीत होते.

पक्की प्रत झाली की पाठवायचं. 1909 साली 'मनोरंजन' मासिकानं सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही नव्या लेखकाला जागा देते, पण अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते. नवरात्रात पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते. ज्या अंकाला पाठवायची त्याचे जुने अंक आधी ग्रंथालयात चाळा, तिथं कोणत्या प्रकारच्या कथा येतात ते पाहा. युनिकोडमध्ये टाइप करा, शब्दसंख्या लिहा, पत्र चार ओळींचं ठेवा. त्यात कथेचा सारांश किंवा आपली तारीफ नको. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उत्तराला महिने लागतात, कधी येतही नाही. तोवर वहीतली पुढची नोंद काढून तिच्यावर प्रश्न लिहायला लागा.